दोघींची एक सही : 'मायकेल फील्ड' या नावामागची गोष्ट

१८८४ साली इंग्लंडच्या साहित्यवर्तुळात एक नवे नाव एकदम गाजू लागले. मायकेल फील्ड. 'कॅलिऱ्होई' आणि 'फेअर रोझमंड' अशी दोन पद्यनाटके एकाच पुस्तकात छापून आली होती. एक प्राचीन ग्रीसमधले, दुसरे इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजाच्या काळातले. समीक्षकांनी मनापासून स्तुती केली. बऱ्याच वर्षांनी जोरकस लेखणीचा एक नवा नाटककार मिळाला, असा एकूण सूर होता. हा गृहस्थ कोण, कुठला, काय करतो, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

ठाऊक नव्हते, कारण असा गृहस्थ मुळात नव्हताच. ब्रिस्टल शहराच्या स्टोक बिशप या उपनगरात एका घरात राहणाऱ्या दोन स्त्रियांनी मिळून ते पुस्तक लिहिले होते. एक सदतिशीच्या घरातली, दुसरी बाविशीची. पहिलीचे नाव कॅथरिन ब्रॅडली, दुसरीचे एडिथ कूपर. त्या दोघी एकमेकींच्या आयुष्याच्या जोडीदार होत्या, आणि पुढची ३० वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी जवळजवळ सगळे लेखन या एकाच नावाने केले.

टोपणनाव ही गोष्ट आपल्याला नवी नाही. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी, कुसुमाग्रज, ग्रेस अशी कितीतरी नावे आपल्या तोंडी आहेत, आणि खरी नावे आठवायला क्षणभर थांबावे लागते. पण दोघांनी मिळून एक नाव घेणे, तेही आयुष्यभरासाठी, हे विरळा. त्यामागे निव्वळ हौस नव्हती, कारणे होती. ती समजून घेण्यासारखी आहेत म्हणून हा लेख.

दोघी कोण होत्या?

कॅथरिनचा जन्म २७ ऑक्टोबर १८४६ चा, बर्मिंगहॅमचा. वडिलांचा तंबाखूचा कारखाना होता. ती दोन वर्षांची असतानाच ते वारले. थोरल्या बहिणीचे लग्न जेम्स कूपर यांच्याशी झाले आणि ती केनिलवर्थला राहायला गेली. तिथे १२ जानेवारी १८६२ रोजी एडिथ जन्मली. दुसऱ्या मुलीच्या बाळंतपणानंतर थोरली बहीण कायमची आजारी झाली. कॅथरिन त्याच घरात राहत होती. भाचीचे संगोपन आणि शिकवणे बरेचसे तिच्यावर आले.

म्हणजे नात्याने कॅथरिन ही एडिथची सख्खी मावशी. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण या दोघींविषयी लिहिताना काही लोक ही गोष्ट हळूच बाजूला ठेवतात. मावशी आणि भाची, वयात १५ वर्षांचे अंतर, त्यात एकीने दुसरीला लहानाचे मोठे केलेले. आपल्याला हे खटकते आणि खटकायला हवेही. आजचे अभ्यासकही त्यावर प्रश्न विचारतात. त्या काळी मात्र याच नात्यामुळे त्यांच्या एकत्र राहण्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहिले नाही. अविवाहित मावशीने भाचीला सोबत करावी, यात लोकांना वावगे काय दिसणार? नात्याचे जे नाव जगाला दिसत होते त्याच्याआड दुसरे नाते राहिले.

कॅथरिन शिकलेली होती. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये तिने व्याख्याने ऐकली, केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात काही काळ शिक्षण घेतले. १८७८ साली कुटुंब ब्रिस्टलकडे राहायला आले. तिथे नव्याने निघालेल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मावशी आणि भाची दोघीही जाऊ लागल्या. ग्रीक, लॅटिन, तत्त्वज्ञान हे त्यांचे विषय. स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने आणि प्राण्यांवरील शस्त्रप्रयोगांच्या विरोधात त्या उभ्या राहिल्या.

कॅथरिनचा स्वभाव कळायला एक किस्सा पुरे आहे. प्रसिद्ध विचारवंत जॉन रस्किन यांच्याशी तिचा पत्रव्यवहार होता. एकदा तिने त्यांना कळवले की माझा देवावरचा विश्वास गेला आहे, आणि त्याच पत्रात लिहिले की एक स्काय टेरियर जातीचा कुत्रा मिळाला आहे. रस्किन भयंकर संतापले. देव जाणे आणि कुत्रा येणे या दोन बातम्या एका पंक्तीला बसवल्या, हे त्यांना सहन झाले नाही.

नाव का बदलले?

'मायकेल फील्ड' हे त्यांचे पहिले टोपणनाव नव्हे. १८७५ साली कॅथरिनने एकटीने कवितासंग्रह काढला तो 'आरन ली' या नावाने. १८८१ साली दोघींनी मिळून 'बेलेरोफॉन' काढले तेव्हा मुखपृष्ठावर 'आरन आणि इस्ला ली' अशी दोन नावे होती. वाचणाऱ्याला ते नवरा-बायको वाटावेत अशी. त्या पुस्तकाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. तीन वर्षांनी दोन नावांचे एक नाव झाले, तेही पुरुषाचे, आणि एकदम दखल घेतली गेली.

रॉबर्ट ब्राउनिंग यांना ते पुस्तक फार आवडले. ब्राउनिंग म्हणजे त्या काळचे इंग्रजीतले ज्येष्ठ कवी. आपल्या ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांच्या नाट्यगीतांवर ज्यांचा प्रभाव अभ्यासक सांगतात, तेच हे. ब्राउनिंग यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यांना खरी गोष्ट सांगितली गेली. ते या दोघींचे मोठे हितचिंतक झाले. पण त्यांच्याच तोंडून ती बातमी बाहेर फुटली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, कौतुकाच्या भरात बोलून गेले.

कॅथरिनने त्यांना लागलीच पत्र लिहिले. त्याचा आशय असा : हे बाईचे लिखाण आहे अशी बातमी पसरली की आमच्या कामाची किंमत पावलोपावली कमी होईल. आम्हाला अशा कितीतरी गोष्टी सांगायच्या आहेत ज्या जग बाईच्या तोंडून ऐकून घेणार नाही. दिवाणखान्यातल्या शिष्टाचारात आम्हाला गुदमरून टाकू नका.

ही भीती अनाठायी नव्हती. मायकेल फील्ड म्हणजे दोन स्त्रिया, हे हळूहळू सर्वांना कळले आणि समीक्षकांचा उत्साह ओसरत गेला. नाटके तीच, लेखणी तीच, पण परीक्षणे त्रोटक होऊ लागली, पुढे पुढे बंदच झाली. तरीही दोघींनी नाव बदलले नाही. बुरखा फाटल्यावरही तेच नाव का ठेवले? याचे उत्तर मला त्यांच्या लिहिण्याच्या पद्धतीत सापडते. तोवर ते नाव लपण्याचे साधन राहिले नव्हते, ते त्यांचे खरे नाव झाले होते. घरात आणि मित्रांमध्येही कॅथरिनला 'मायकेल' म्हणत. एडिथ आधी 'फील्ड' होती, पुढे 'हेन्री' झाली.

एक सही, दोन हात

बँकेत ३० हून अधिक वर्षे काढल्यामुळे मला ही व्यवस्था भागीदारी पेढीसारखी वाटते. पेढीच्या नावाने व्यवहार होतो. कोणत्या भागीदाराने किती माल विकला हे गिऱ्हाइकाला कळत नाही, कळण्याची गरजही नाही. आणि देणे आले की प्रत्येक भागीदार पूर्ण रकमेला जबाबदार असतो. 'तो भाग माझा नव्हता' असे म्हणून सुटता येत नाही.

मायकेल फील्डचे अगदी तसेच होते. यातले कोणते कोणी लिहिले, हा प्रश्न त्यांना सारखा विचारला जाई. हॅवलॉक एलिस यांनीही विचारला. कॅथरिनने उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा की, देवाने जोडलेले माणसाने तोडू नये, आमच्या कामाच्या बाबतीतही तेच समजावे. हे शब्द ख्रिस्ती विवाहविधीतले आहेत. तिने ते सहज वापरले असतील असे वाटत नाही.

प्रत्यक्षात एकीने प्रवेश लिहायला घ्यावा, दुसरीने तो पुढे न्यावा, मग पहिलीने ओळी बदलाव्यात, असे चाले. शेवटी कोणती ओळ कोणाची हे त्यांनाही सांगता येत नसे. १८८८ पासून त्यांनी मोठ्या वह्यांमध्ये एकत्र रोजनिशी लिहिली. तिचे नाव 'वर्क्स अँड डेज', म्हणजे कामे आणि दिवस. एकाच वहीत दोघींची अक्षरे, कधी एकाच दिवसाच्या नोंदीत. अशा जवळजवळ ३० वह्या आहेत.

या रोजनिशीत ब्राउनिंग दांपत्याविषयी एक नोंद आहे. रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्राउनिंग हे इंग्रजी साहित्यातले सर्वांत गाजलेले कवी जोडपे. पण ते दोघे आपापल्या खोलीत बसून आपापली कविता लिहीत. आम्ही मात्र एकत्र लिहितो, म्हणून आमचा विवाह त्यांच्याहून जवळचा आहे, असा त्या नोंदीचा भाव आहे. 'विवाह' हाच शब्द त्यांनी स्वतःसाठी वापरला.

आपल्याकडे कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांच्या पत्रांचे पुस्तक 'कुसुमानिल' या नावाने निघाले. दोन नावांचे एक नाव झालेले आपल्याला तिथे दिसते. याच कुसुमावतीबाई १९६१ साली आपल्या ग्वाल्हेरला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा होत्या, संमेलनाच्या इतिहासातल्या पहिल्या महिला अध्यक्षा. पण 'कुसुमानिल' हे पुस्तकाचे नाव होते. लेखक म्हणून दोघांची नावे आणि पुस्तके वेगळी होती. मायकेल फील्डने ती वेगळी ठेवलीच नाहीत.

इतिहास कशासाठी निवडला?

दोघींनी २५ हून अधिक नाटके लिहिली, बहुतेक सगळी ऐतिहासिक किंवा पौराणिक. 'कॅन्यूट द ग्रेट' मध्ये अकराव्या शतकातला राजा आहे. 'द ट्रॅजिक मेरी' मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी. 'ज्युलिया डोम्ना' मध्ये रोमची सम्राज्ञी आणि एकमेकांच्या जिवावर उठलेले तिचे दोन मुलगे. 'क्वीन मॅरियाम्नी' मध्ये हेरोद राजाची राणी. यादी पाहिली की ध्यानात येते की सिंहासनावर कोणीही असो, या नाटकांचे लक्ष पुष्कळदा स्त्रीकडे असते.

इतिहासात एक सोय असते, ही गोष्ट मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. आपल्याकडे परकीय सत्तेविरुद्ध जे उघड बोलता येत नव्हते ते पौराणिक नाटकांतून बोलले गेले. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर इंग्रज सरकारने बंदी घातली, कारण प्रेक्षकांना कीचक कोण हे बरोबर कळत होते. जुन्या काळाचे कपडे चढवले की आजची गोष्ट सांगता येते. मायकेल फील्डला जे सांगायचे होते ते राजकारणापेक्षा मनातले होते, पण वाट तीच.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे १८८९ चा कवितासंग्रह 'लाँग अगो'. तो सॅफो या ग्रीक कवयित्रीवर आधारलेला आहे. सॅफो ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास लेस्बॉस बेटावर होऊन गेली. स्त्रीने स्त्रीवर केलेल्या प्रेमाच्या कविता तिने लिहिल्या, म्हणून तिच्या बेटाच्या नावावरून 'लेस्बियन' हा शब्द आला. तिच्या कवितांचे बहुतेक तुकडेच उरले आहेत. कुठे दोन ओळी, कुठे नुसते दोन शब्द. १८८५ साली हेन्री व्हार्टन यांनी ते तुकडे इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केले. त्याआधीचे इंग्रजी भाषांतरकार सॅफोच्या प्रेयसीला सर्वनाम बदलून पुरुष करून टाकत. व्हार्टन यांच्या पुस्तकात ती स्त्री म्हणून आली.

मायकेल फील्डने काय केले? सॅफोचा एकेक तुकडा मूळ ग्रीकमध्ये वर ठेवला आणि त्याखाली त्यातून फुलवलेली आपली इंग्रजी कविता दिली. जणू अर्धवट फाटलेल्या पत्राचा उरलेला मजकूर आपण पूर्ण करावा. पण पत्र पूर्ण करणाऱ्या दोघींचे आयुष्यही त्याच मजकुराचे होते. जे स्वतःच्या नावाने बोलता येत नव्हते ते त्यांनी २५०० वर्षांपूर्वीच्या कवयित्रीच्या तोंडी घातले, आणि मुखपृष्ठावर नाव पुरुषाचे. एकावर एक दोन पडदे. गंमत अशी की दोन पडद्यांमागून त्या जितके स्पष्ट बोलल्या तितके त्या काळात उघडपणे फार थोड्या जणी बोलल्या असतील.

याच संग्रहात टायरेसियसवर एक कविता आहे. ग्रीक पुराणातला हा द्रष्टा काही वर्षे स्त्री होऊन जगला होता. पुरुषाचे नाव घेऊन लिहिणाऱ्या दोघींना त्याची गोष्ट जवळची वाटली असणार.

'साइट अँड साँग' हा १८९२ चा संग्रह वेगळा आहे. युरोपातल्या चित्रसंग्रहालयांत फिरून पाहिलेल्या जुन्या चित्रांवरच्या या कविता आहेत. त्यासाठी ड्रेस्डेनला गेल्या असताना एडिथ लाल ज्वराने आजारी पडली, इस्पितळात तिचे केस कापावे लागले. 'हेन्री' हे लाडके नाव त्या आखूड केसांच्या सुमाराचे.

नाटकांना रंगभूमी मात्र लाभली नाही. त्यांच्या हयातीत एकच नाटक रंगमंचावर आले. 'अ क्वेश्चन ऑफ मेमरी', १८४८ च्या हंगेरीतल्या उठावावरचे. २७ ऑक्टोबर १८९३ रोजी, कॅथरिनच्या वाढदिवशी, लंडनमध्ये त्याचा प्रयोग झाला आणि पडला. दुसरा प्रयोग झालाच नाही. घाव मोठा होता, पण लेखन थांबले नाही.

पैशाची बाजू

साहित्यावरच्या लेखात पैशाचा विषय कोणी काढत नाही. मला तो टाळता येत नाही. पुस्तके खपत नाहीत, नाटके चालत नाहीत, परीक्षणे येत नाहीत, तरी माणूस ३० वर्षे लिहीत राहतो, तर घर कशावर चालते?

उत्तर वडिलांच्या तंबाखूच्या व्यवसायातल्या पैशात आहे. कॅथरिनला वारशाने आलेले उत्पन्न पुरेसे होते. दुसरी गोष्ट कायद्याची. त्या काळी इंग्लंडमध्ये लग्न झाले की स्त्रीची मालमत्ता बहुतांशी नवऱ्याच्या ताब्यात जाई. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ही स्थिती बदलली. अविवाहित स्त्रीला मात्र आधीपासून आपल्या मालमत्तेवर पूर्ण हक्क होता. म्हणजे कॅथरिनचे अविवाहित राहणे ही समाजाच्या लेखी उणीव असेल, व्यवहारात तोच तिच्या स्वातंत्र्याचा पाया होता. हे दोन आधार नसते तर मायकेल फील्ड झालाच नसता. अशा किती जोड्या केवळ उत्पन्न नव्हते म्हणून वेगळ्या झाल्या असतील, याचा हिशेब कोणत्याच खातेवहीत सापडणार नाही.

शेवटची वर्षे

१८९७ साली एडिथचे वडील स्वित्झर्लंडमध्ये डोंगरात बेपत्ता झाले. मृतदेह काही महिन्यांनी सापडला. १८९९ मध्ये दोघी रिचमंडला थेम्स नदीकाठच्या घरात राहायला गेल्या. चित्रकार चार्ल्स रिकेट्स आणि चार्ल्स शॅनन हे त्यांचे जिवलग मित्र. तेही आयुष्यभराचे जोडीदार होते. त्यांची काही पुस्तके रिकेट्स यांनी सजवली, ती आज संग्राहक जपून ठेवतात.

घरात 'व्हिम चाऊ' नावाचा कुत्रा होता. मॅटरहॉर्न शिखर सर करणारे गिर्यारोहक एडवर्ड व्हिम्पर यांच्यावरून त्याचे नाव ठेवले होते. १९०६ साली तो गेला आणि दोघी इतक्या खचल्या की त्याच्यावर कवितांचे एक पुस्तकच लिहिले. पुढच्याच वर्षी दोघींनी कॅथलिक पंथ स्वीकारला. 'देव गेला, कुत्रा आला' असे कळवणारी कॅथरिन ३० वर्षांनी कुत्रा गेल्यावर देवाकडे वळली. लोक याला हसतात. ज्यांच्या घरातले मुके जनावर गेले आहे ते हसणार नाहीत.

१९११ साली एडिथला कर्करोग झाल्याचे कळले. लिहिण्यासाठी डोके शुद्धीवर हवे म्हणून तिने वेदनाशामक अफू घेण्याचे टाळले. जून १९१३ मध्ये कॅथरिनलाही स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. तिने ही गोष्ट एडिथपासून लपवून ठेवली. आपले दुखणे अंगावर काढत तिची शुश्रूषा केली. १३ डिसेंबर १९१३ रोजी एडिथ वारली. नऊ महिन्यांनी, २६ सप्टेंबर १९१४ रोजी, कॅथरिनही गेली. युरोपात पहिले महायुद्ध सुरू झालेले होते, एका विसरल्या गेलेल्या कवयित्रीकडे पाहायला कोणाला वेळ नव्हता.

रोजनिशीच्या वह्या त्यांनी कवी थॉमस स्टर्ज मूर यांच्या हवाली केल्या होत्या. त्या १९२९ सालच्या अखेरीस उघडाव्यात अशी सूचना होती. १९३३ मध्ये त्यातला निवडक भाग प्रसिद्ध झाला. सगळ्या वह्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या पुन्हा बारकाईने वाचल्या जाऊ लागल्या त्या विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि आता मायकेल फील्डवर विद्यापीठांतून अभ्यास होतो. आपल्या माघारी कोणीतरी वाचील, या भरवशावर त्यांनी त्या जपून ठेवल्या होत्या. भरवसा खरा ठरला, फक्त मुदत लांबली.

आपल्याला याचे काय?

कोणी म्हणेल, दूरच्या देशातली, सव्वाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आपल्याला तिचे काय? मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली साहित्याची. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आले तेव्हा विभावरी शिरूरकर कोण, यावरून केवढा गदारोळ झाला होता. अविवाहित, शिकलेल्या मुलींच्या मनातले लिहिणारी ती लेखिका म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. बाईने मनातले लिहिले की आधी 'ही कोण' हे शोधायचे आणि मग पुस्तक वाचायचे, ही सवय केवळ इंग्रजांची नव्हती. स्त्रीचे स्त्रीवरचे प्रेम मराठी रंगभूमीवर आणायला १९८१ उजाडावे लागले, विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकात.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे ठरवले. विवाहाची मान्यता मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाली नाही. मग दोघी जणी एकत्र राहतात, एकत्र कमावतात, त्यांनी काय करावे? रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०२४ रोजी बँकांना आणि २८ ऑगस्टला केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सर्वांना स्पष्ट कळवले आहे की अशा जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास किंवा एकमेकांना नॉमिनी करण्यास कोणतीही आडकाठी नाही. खरे तर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खात्यासाठी दोघांत रक्ताचे नाते असावे अशी अट आधीही नव्हती. पण काउंटरवर 'तुमचे नाते काय?' हा प्रश्न येई आणि उत्तर देताना माणूस अडखळे. आता अडखळायचे कारण नाही. एक मात्र ध्यानात ठेवावे : नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो, आपोआप वारस होत नाही. म्हणून मृत्युपत्र करावेच.

तिसरी गोष्ट आपल्या घरांची. आपल्यापैकी अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. त्यात एखाद्या आत्याच्या किंवा मावशीच्या नावापुढे 'अविवाहित' एवढा एकच शब्द असतो. तिने ४० वर्षे शाळेत शिकवले, एका मैत्रिणीबरोबर एकाच बिऱ्हाडात आयुष्य काढले, दोघींनी मिळून भाचरांची शिक्षणे केली, हे त्या एका शब्दात येत नाही. त्या दोघींचे नाते नेमके काय होते हे आपण ठरवू नये, तो आपला अधिकारही नाही. सोबत अनेक प्रकारची असते. पण मैत्रिणीचे नाव नोंदवायला काय हरकत आहे? कॅथरिन आणि एडिथ यांनी स्वतःच्या वह्या स्वतः लिहून ठेवल्या म्हणून आज त्यांच्याविषयी बोलता येते. बहुतेकींनी काहीच लिहून ठेवलेले नाही. त्यांच्याविषयी सांगू शकतील अशी माणसे आज आपल्या मंडळात सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

मंडळाच्या सभासदांना विनंती आहे की कुलवृत्तांताची पुढची आवृत्ती काढताना, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घेताना, अशा आत्यांबद्दल आणि मावश्यांबद्दल जरूर विचारा. त्या कोणाबरोबर राहत होत्या हेही विचारा, आणि ते नाव लिहून ठेवा.